भिवाजीनं लावलेला कौल

भिवाजी धुळे घाबरट होता हे कडावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं त्यालाही ठाऊक होतं. त्याची गवताची वखार होती. दिवाळीनंतर आसपासच्या माळांवरचं गवत कापून यायचं, लोखंडी साच्यात दाबून त्याच्या गाठी बांधल्या जायच्या, आणि त्या गाठी बैलगाड्यांतून कर्जत स्टेशनात, तिथून वाघिणीत भरून मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. असल्या धंद्यात ठिणगीची धास्ती कुणालाही असते. पण भिवाजी वखारीच्या दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गड्याचं तोंड हुंगायचा. विडीचा वास आला की म्हणायचा, "आधी वढ्यावर जाऊन चुळा भर."

नवशा नावाचा एक जुना गडी त्याला चिडवायचा. "मालक, इडी कवाच इझली. आता काय पोटातनं पेटंल?"

"पेटंल. तुझा काय भरवसा नाय."

गडी हसायचे. भिवाजी हसायचा नाही. पावसाळ्यात नदी जरा फुगली की तो पलीकडच्या गावची उधारी बुडाली तरी चालेल म्हणून घरी बसायचा. माथेरानचा डोंगर रोज डोळ्यांसमोर, पण तो कधी वर गेला नाही. वखारीतल्या गंजीवरसुद्धा तो चढत नसे, खालूनच हातवारे करून गवत रचून घ्यायचा. या भीतीला कारण नव्हतं असं नाही. त्याची पहिली दोन पोरं पाळण्यातच गेली होती. तिसरा गजा जगला. त्याला ताप आला की भिवाजी वखार बंद ठेवायचा.

लढाईच्या काळात, चव्वेचाळीस सालच्या आश्विनात, लष्कराचं एक विमान पलीकडच्या डोंगरात कोसळलं. तुकडे खाली आणायला लष्करानं गाड्या भाड्यानं घेतल्या, त्यांत भिवाजीच्या दोन होत्या. बैल परक्याच्या हाती द्यायची भीती, म्हणून तो स्वतः गेला, आणि सोळा वर्षांचा गजाही हट्टानं बरोबर आला. वरून आणलेला पत्रा कागद चुरगळावा तसा चुरगळला होता. त्या ढिगात भिवाजीला एक कातडी हातमोजा दिसला. बोटं वाकलेली, काहीतरी धरून ठेवल्यासारखी. तो रिकामा आहे की नाही हे बघायची त्याची छाती झाली नाही. त्यानं त्यावर गवताची पेंढी टाकली आणि कर्जतपर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

गजा मात्र मागच्या गाडीत पाय सोडून बसला होता. काटे असलेलं घड्याळासारखं एक यंत्र हातात घेऊन तो बरोबरच्या शिपायाला मोडक्या हिंदीत विचारत होता, की हे काय दाखवतं. शिपायानं सांगितलं, विमान किती उंच आहे ते. गजा म्हणाला, "म्हंजे वर असताना त्याला समदं ठावं असतंय." स्टेशन येईपर्यंत त्यानं ते यंत्र खाली ठेवलं नाही.

पुढं गजा मॅट्रिक झाला. मुंबईला परळात त्याचा मामा राहायचा, त्याच्याकडं राहून एका कारखान्यात फिटरचं काम शिकला. आणि सत्तेचाळीसच्या जानेवारीत, वखारीत ऐन कामाची धांदल चालू असताना, एक छापील कागद घेऊन तो घरी आला.

"बा, सही पायजे."

जुहूला विमान चालवायला शिकवणारा एक क्लब होता. लढाईत तो बाहेरच्यांना बंद होता, आता पुन्हा उघडला होता. एकवीस वर्षांखालच्या मुलाला बापाची संमती लागायची. तासाला तीस रुपये, आणि पहिला परवाना मिळायला निदान चाळीस तास. गजानं हे सगळं एका दमात सांगितलं. भिवाजी अंगणातल्या बाजेवर बसला होता. त्याच्या कानात फक्त डोंगरातल्या पत्र्याचा खडखडाट चालला होता.

"दुसरं काय शिकवत नाय का तितं?"

"शिकवतात की. विमानाची दुरुस्ती. वरसाला तीनशे."

भिवाजीला बुडत्याला काठ दिसावा तसं झालं. "मग त्येच कर की रं! जमिनीवरचं काम. सस्त्यात बी हाय."

"मी दुरुस्त करायचं, दुसऱ्यानं उडवायचं, आन मी खाली हुबा राहून बघायचं?"

"बघायला पैशे पडत नाय," भिवाजी म्हणाला.

दारात तांदूळ निवडत बसलेली भागूबाई, गजाची आई, हसली. पण लगेच तिनं पदर तोंडाला लावला, कारण नवरा हसत नव्हता.

पैसे नाहीत असं म्हणायची सोय नव्हती. लढाईत लष्कराच्या खेचरांना गवत पुरवून भिवाजीनं दोन हजारांच्या वर गाठीला बांधले होते, आणि पोस्टातलं बचतीचं पुस्तक गजानंच वेळोवेळी भरून आणलेलं होतं. नको म्हणायचं तर तोंडानं नको म्हणायला हवं होतं. ते भिवाजीला जमेना. एकुलता पोरगा आयुष्यभर मनात धरून बसेल, ही आणखी एक भीती होतीच.

तीन दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी भागूबाईनं तोड काढली. "अवं, तुमी दोघं कशापायी भांडताय? बहिरीला इचारा. देव सांगंल तसं करा."

गजानं छापील कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "चालंल. देव व्हय म्हणला तर बानं सही करायची. नाय म्हणला तर मी कागद फाडीन, आन परत नाव काडणार नाय."

बहिरी हा गावचा देव. लग्न जमवायचं, विहीर खणायची, बैल विकायचा, काहीही मोठं करायचं तर त्याला कौल लावायची गावाची रीत होती. देवाच्या पाषाणाला उजव्या अंगाला पाच आणि डाव्या अंगाला पाच कळ्या नुसत्या पाण्यानं चिकटवायच्या. मग गुरवानं गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आबाजी गुरव ऐंशीच्या पुढं गेला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, हात कापायचे. म्हणून दोन वर्षांपासून ज्या घरचं मागणं असेल त्या घरच्या कर्त्यानंच कळ्या चिकटवाव्यात असं त्यानं ठरवून दिलं होतं. देवापुढं कुणी खोटं करील अशी शंका गावात कुणाला येण्यासारखी नव्हती.

कौलाच्या सकाळी भिवाजी अंघोळ करून चुलीपाशी आला, तेव्हा भागूबाईनं भाताची पेज काढून ठेवली होती. दाट, वर साय धरत आलेली. त्यानं काही ठरवलं नव्हतं. आपण काय करतो आहोत हे त्याला कळलं तेव्हा त्याच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण होता आणि द्रोणात पेज होती. त्यानं तो द्रोण कळ्यांच्या परडीत, कळ्यांखाली लपवला.

देवळात गजा खांबाला टेकून उभा होता. भागूबाई हात जोडून बसली होती. भिवाजी पाषाणापुढं वाकला. त्याच्या पाठीमुळं कुणाला काही दिसत नव्हतं. डाव्या कळ्या त्यानं पाण्यात बुडवल्या. उजव्या पेजेत.

आबाजीनं गाऱ्हाणं घातलं. आवाज अजून खणखणीत होता. "बा बहिरी महाराजा! तुझ्या गावातला भिवा धुळे, त्याचा पोर आभाळात जायला निघालाय. तुजी मर्जी असंल तर उजवी दे. मर्जी नसंल तर डावी दे. मोकळ्या मनानं दे, महाराजा!"

मोकळ्या मनानं दे, हे शब्द भिवाजीला सुईसारखे टोचले. थोड्याच वेळात एक डावी कळी सुटली. मागोमाग दुसरी. टप्प, एवढासाच आवाज.

"डावी," भागूबाई म्हणाली.

गजानं देवाला नमस्कार केला. घरी आल्यावर त्यानं कागदाचे चार तुकडे करून चुलीत घातले आणि दुपारच्या गाडीनं मुंबईला निघून गेला. जाताना बापाच्या पाया पडला. भिवाजीला वाटलं होतं आपण आता सुटलो. पण पोरगा पायावर वाकला तेव्हा आशीर्वाद द्यायला त्याचा हात वर उठेना.

दुसऱ्या दिवशी आबाजीनं देवाला नेहमीसारखी अंघोळ घातली. डाव्या सगळ्या कळ्या वाहून गेल्या. उजव्या पाचही तशाच. तिसऱ्या दिवशीही तशाच. सुकल्या, काळ्या पडल्या, पण सुटल्या नाहीत. गावाला हे नवीन होतं. विहिरीवर सोनुबाई म्हणाली, "देवानं मूठ आवळलीया, बाय. धुळ्याच्या पोरावर कायतरी येनार हाय." ती बोलून गेली आणि भागूबाईनं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती जेवेना.

"अवं, गजाला बोलावून घ्या. माजं मन लय भेतंय."

"काय व्हत नाय," भिवाजी म्हणायचा, आणि कडी लावली का ते तीन-तीनदा बघायचा.

रोज सकाळी तो कुणी यायच्या आत देवळात जाऊन बघायचा. कळ्या होत्या. चौथ्या दिवशी त्याला पाषाणावर मुंग्यांची एक बारीक रांग दिसली. ती खालून निघून थेट देवाच्या उजव्या खांद्यापर्यंत गेली होती. त्यानं धोतराच्या सोग्यानं मुंग्या झटकल्या. त्या पुन्हा आल्या. आता देवानं आपल्याला धरलं, असं त्याच्या मनानं घेतलं. शिक्षा आपल्याला नाही मिळणार, पोराला मिळणार. विमानातच कशाला, कारखान्यातल्या पट्ट्यात सदरा अडकला तरी पुरे.

"भिवा, हाय का रं तितं?"

आबाजी गुरव मागं उभा होता.

"मागल्या चार दिसांत तीनदा आलास. देवावर येवढी माया कवापासनं? हितं ये. माजा हात धर आन त्या कळ्यांवर ठेव."

भिवाजीनं हात धरून नेला. म्हाताऱ्यानं एक कळी नखानं खरवडली आणि बोट जिभेला लावलं.

"डोळं गेलं माजं, भिवा. बोटं नाय गेली. पेज हाय ही. आन भागूच्या हातची हाय. तिचं मीठ नेहमी जास्त असतंय."

भिवाजी तिथंच खाली बसला. त्याला रडू आवरेना. "गुरवबाबा, मला मारा. पन परत कौल लावा. आता मी हात बी लावनार नाय."

"एका गोष्टीला एकदाच कौल. ती रीत मी बदलू शकत नाय."

"मग देव काय म्हनत हुता?"

"मला काय ठावं? तू त्याचं तोंड दाबलंस ना. उजवी पडली असती का डावी, ते आता तो सांगायचा नाय."

"मग मी काय करू?"

आबाजी खांबाला धरून हळूहळू खाली बसला. मग म्हणाला, "दंड तुला पडंल. पोराला नाय. मी देवाला तसं गाऱ्हाणं घालीन. दंड असा, की जे टाळायला तू पेज लावलीस ते तुझ्या हातानं कर. पोराला समदं खरं सांग. मग तो जातो म्हनला तर तू सही कर, तू पैशे भर. नको म्हनला तर नको. तुझं भ्या त्याच्या गळ्यात घालू नगंस. देवाच्या तर नगंसच नगंस."

"आन काय झालं तर?"

"त्याला मी काय करनार, भिवा? मी गुरव हाय."

घरी भागूबाईनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. फक्त विचारलं, "माज्या पेजेनं?" आणि पेजेचं ते पातेलं उचलून परसात नेऊन तिनं राखेनं घासलं, पुन्हा घासलं, मग तिसऱ्यांदा घासलं.

भिवाजी पोस्टातून पैसे काढून परळाला गेला. गजा कामावरून आला तेव्हा मामाच्या खोलीपुढच्या गॅलरीत त्यानं पोराला सगळं सांगितलं. कळ्या, पेज, मुंग्या, आबाजीचं बोलणं. काही लपवलं नाही. गजा कठड्याला धरून ऐकत होता.

"चार दिस मी देवावर रागावलो हुतो, बा," तो शेवटी म्हणाला. "तुमच्यावर रागवायला पायजे हुतं."

"मग रागाव की."

"आता जमत नाय."

खालून ट्रामची घंटा ऐकू आली. गजा कठड्यावरचा रंग नखानं उकरत होता. मग त्यानं विचारलं, "देवानं खरंच नाय म्हटलं असतं तर?"

भिवाजीनं याच प्रश्नाची धास्ती घेतली होती, आणि आता तो पोराच्या तोंडी आला होता. पोराला पहिल्यांदा भ्यालेलं पाहिलं त्यानं. आता नुसतं ‘तर मग नको’ म्हटलं की काम होणार होतं. पोरगा ऐकणार होता. शब्द त्याच्या जिभेवर आला. जिभेवरच त्यानं तो धरून ठेवला, आणि त्याला इतके कष्ट पडले की कपाळावर घाम आला.

"मला ठावं नाय, बाळा," तो म्हणाला. "तू सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी गजानं कारखान्याचे कपडे न घालता धुतलेला सदरा घातला, आणि म्हणाला, "चला बा. जुहूला जाऊ."

क्लबच्या कचेरीत एक म्हातारा पारशी कारकून होता. त्यानं नवा कागद पुढं केला. भिवाजीनं मोडीत सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की कारकुनानं चष्मा वर करून विचारलं, "हे तुमचंच नाव हाय ना, शेठ?" तेवढ्यात बाहेर एक लहानसं विमान घरघरत निघालं. कचेरीच्या काचा थरथरल्या. भिवाजीनं टेबलाची कड घट्ट धरली आणि ते विमान दूर जाईपर्यंत सोडली नाही.

पैसे मोजायची वेळ आली तेव्हा त्यानं कनवटीच्या पिशवीतून फक्त तीनशे काढले.

"चाळीस तासांचे एकदम भरा ना. दगदग नको," कारकून म्हणाला.

"दहाच तासांचं घ्या," भिवाजी म्हणाला. "ते झालं की पुढचं मी देईन. पन पोस्टानं नाय धाडनार. यानं कडावला यायचं, माज्यासमोर हुबा राहायचं, मग मिळतील. असं तीनदा."

कारकुनानं गजाकडं पाहिलं, गजानं जमिनीकडं. "असा बाप मी पहिलाच बघितला," कारकून म्हणाला, आणि त्यानं पावती फाडली.

पुढचं वर्ष भिवाजीनं कसं काढलं ते त्याच्याशिवाय कुणाला नीट कळलं नाही. गडी सांगत, की मालक हल्ली तोंडं हुंगायला विसरतात. गाठी घेऊन स्टेशनात गेला की तो मुंबईहून येणारी गाडी येऊन निघून जाईपर्यंत थांबायचा. पहिले दहा तास संपवून गजा शिमग्याला आला. भिवाजीनं विमानाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पोराचा उजवा हात हातात घेतला, मग डावा घेतला, बोटं एकेक करून दाबून पाहिली.

"कुटं लागलं नाय?"

"नाय, बा."

"कडी लाव," तो भागूबाईला म्हणाला, आणि पैसे आणायला आत गेला.

पुढचे दहा तास उन्हाळ्यात झाले. मग पावसानं सगळंच थांबलं. विमानं जमिनीवर बांधून ठेवलीत असं गजाचं पत्र आलं. त्या वर्षी पाऊस लांबला, माळावरचं गवत कुजायला लागलं, सगळं गाव आभाळाला शिव्या देत होतं. भिवाजीचं दोन गाड्या गवत गेलं. तो ओटीवर बसून पावसाकडं बघायचा, आणि त्याला निवांत झोप लागायची ती तेवढेच चार महिने. नवरात्रात ऊन पडलं तेव्हा त्याचं तोंड पुन्हा उतरलं. गजा तिसऱ्यांदा ठरल्यापेक्षा बारा दिवस उशिरा आला. त्या बारा दिवसांत भिवाजी रोज आबाजी गुरवाकडं जाऊन बसत होता.

चाळीस तास मार्गशीर्षात पुरे झाले. गजा आला. अंगणात उभा राहिला. भिवाजीनं त्याचे दोन्ही हात दाबून पाहिले. मग रीतीप्रमाणे तो आत जाऊन पेटी उघडायला लागला.

"बा, आता नगं," गजा मागून म्हणाला. "झालं सगळं. परवाना मिळाला." त्यानं खिशातून परवान्याची लहानशी वही काढली. तिच्यात त्याचा फोटो चिकटवलेला होता. भागूबाईनं तो फोटो पदरानं पुसला आणि बोटं मोडून पोराची दृष्ट काढली.

भिवाजीनं वही हातात घेतली नाही. तो पेटीपाशी तसाच बसून राहिला होता. "मंजे आता पैशे लागनार नाय?"

"नाय. आता पुढलं सरकारच्या पैशावर शिकायचं. नाव लागलंय माजं."

"मग तू येनार कशाला?"

भिवाजीनं पेटीतून तीनशे रुपये काढले, नोटा बोटानं चाचपल्या आणि पोराच्या हातात कोंबल्या.

"अवो बा, कशाचं हे?"

"दहा तासांचं."

"पन लागत नाय म्हनलो ना."

"लागत नसलं तरी घे," भिवाजी म्हणाला. "संपलं की ये."